सरांचे अडुसष्ट गुण

सरांनी कुणाला 'छान' म्हटलेलं मी सहा वर्षांत ऐकलं नाही. 'ठीक आहे' हा त्यांच्याकडचा सगळ्यात मोठा हार होता आणि तोही ते समोरच्याच्या गळ्यात न घालता भिंतीकडे बघून म्हणायचे. लीड्समध्ये मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायला गेले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात काकूंनी मला सावध केलं. "लग्नाला तीस वर्षं झाली. आमटी चांगली झालीय असं एकदा बोलले नाहीत. दुसऱ्यांदा वाढून घेतात, त्यावरून समजायचं."

सर मूळचे नागपूरचे. तिथल्या इंजिनियरिंग कॉलेजात वीसेक वर्षं यंत्रशास्त्र शिकवून पन्नाशीच्या आसपास लीड्सला लेक्चरर म्हणून आले. नोकरी बदलली, देश बदलला, पण माणूस आतून परीक्षकच राहिला. पेपर तपासायला बसले की फोन बंद, टेबलावर लाल पेन, निळं पेन आणि डिंकाची बाटली. गुण लिहिलेला कागद पाकिटात घालून ते पाकिटाचं तोंड चिकटवायचे आणि चिकटवलेल्या जागेवर आडवी सही करायचे, म्हणजे मध्ये कुणी उघडलं तर कळावं. इथल्या विद्यापीठात असलं काही लागत नसे. डिपार्टमेंटची सेक्रेटरी ती पाकिटं बघून हसायची. सर म्हणायचे, "हसू दे. गुण ही गुप्त गोष्ट आहे."

आणि गुण द्यायचे तेही कसे, तर खिशातून काढून दिल्यासारखे. नागपूरला साठाला फर्स्ट क्लास, इथे सत्तरला फर्स्ट. सर दोन्हीकडे साठाच्या आसपास घुटमळायचे. पासष्टच्या वर लिहायची वेळ आली की पेपर बाजूला ठेवून चहा घ्यायचे आणि परत आल्यावर एखादा गुण कापायचे. "जास्त दिले की पोरगं तिथेच थांबतं," असं त्यांचं म्हणणं. मला हे सगळं गमतीचं वाटायचं. मीही पुण्याला असल्याच सरांच्या हाताखाली शिकले होते.

अशा माणसाला अमेरिकन फुटबॉलचं वेड लागावं हे नवलच. विद्यार्थ्यांची एक टीम होती, हेल्मेटं आणि खांद्यांवर ढाली लावून रविवारी चिखलात लोळणारी. तिला कागदोपत्री एक प्राध्यापक लागत होता, आणि दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून सरांचं नाव लागलं. पहिल्या मॅचला ते छत्री घेऊन नाइलाजाने गेले आणि परत आले ते जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि मिरपूडदाणी मांडून मला बलांची आकृती समजावायला लागले. बॉल फेकणारा, बॉल घेऊन पळणारा यांच्यात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांचं लक्ष मधोमध वाकून बसलेल्या माणसावर. त्याला डिफेन्सिव्ह टॅकल म्हणतात. तो समोरची भिंत फोडायला किंवा अडवून धरायला असतो, आणि बॉल त्याच्या हाताला सहसा लागतही नाही.

"दोन माणसं अंगावर घेऊन तो जागचा हलत नाही," सर म्हणाले, "म्हणून तिसरा मोकळा सुटतो आणि त्याचं नाव पेपरात येतं. याचं येत नाही." मग म्हणाले, "हा खरा इंजिनियर."

त्या टीमचा टॅकल होता निखिल. लंडनजवळच्या स्लाऊचा, तिथेच जन्मलेला मराठी मुलगा. वडील तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात सुपरवायझर. निखिल आमच्या दारातून थोडा तिरका होऊन आत यायचा, खुर्चीवर बसायच्या आधी ती हलवून बघायचा. एवढा मोठा देह, पण समोरचा हलायच्या आत त्याचा पहिला पाय पडलेला असायचा. त्याचं मराठी म्हणजे आईकडून फोनवर शिकलेलं. "काकू, भाजी मस्त झाला," म्हणायचा, आणि सरांना सरळ "सर, तू मॅच बघितला का?" सरांनी वाक्यातली चूक कुणाचीच सोडली नसती, पण निखिलची सोडायचे. उत्तर मात्र ठरलेलं. "बघितली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये कंबर वर येत होती."

तो गेल्यावर सर मला कामाला लावायचे. मी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला, त्यामुळे कॅमेऱ्याच्या टेपवरून डीव्हीडी बनवायचं काम माझ्याकडे. निखिलची एकेक चाल आम्ही दहादहा वेळा बघायचो. सर पेन्सिलीने कागदावर कोन काढायचे, त्याच्या हाताचा, पाठीचा, गुडघ्याचा. "बघ, बघ, इथे बघ," म्हणून माझं मनगट धरायचे. त्यांचा चेहरा अशा वेळी उजळलेला असायचा. मी एकदा म्हटलं, "सर, हे त्याला सांगा ना." तर म्हणाले, "कशाला? डोक्यात हवा जाईल."

निखिलच्या शेवटच्या आधीच्या वर्षी अमेरिकेतल्या एका व्यावसायिक क्लबाने युरोपातून काही मुलं चाचणीसाठी बोलवायचं ठरवलं. महिनाभराचा कॅम्प, आणि त्यात टिकला तर करार. आमच्या टीमचा कोच ग्रॅहम, पेशाने पोस्टमन, फॉर्म घेऊन घरी आला. प्रत्येक मुलाची डीव्हीडी पाठवायची आणि सोबत कोच नसलेल्या जाणत्या माणसाने केलेलं मूल्यमापन. "तुमच्याइतकं त्याला कुणी पाहिलेलं नाही," ग्रॅहम सरांना म्हणाला. निखिल मागे उभा होता. त्याला दुसरं काही करायचंच नव्हतं आयुष्यात. डिग्री त्याने वडिलांसाठी चालवली होती.

सरांनी त्या फॉर्मवर तीन संध्याकाळी घालवल्या. पहिलं पाऊल, हातांचा वापर, ताकद, दम, स्वभाव, प्रत्येकाला शंभरपैकी गुण आणि खाली एकंदर, तेही शंभरपैकी. कच्चं आधी पेन्सिलीने, मग पेनाने. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली आणि फॉर्म दाखवला. एरवी गुण ते कधी कुणाला दाखवत नसत. एकंदर गुण होते सत्तर. मी म्हटलं, "सर, चक्क सत्तर?" ते जरा लाजल्यासारखे झाले. चहा प्यायला उठले. परत आले आणि सत्तर खोडून अडुसष्ट केले, खोडलेल्या जागी सही केली.

"आपला मुलगा आहे," ते म्हणाले. "मराठी माणसाने मराठी पोराला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणता कामा नये. अडुसष्ट पुरेत. नागपूरला वीस वर्षांत दोघांनाच दिलेत."

मला आनंद झाला. हे मी लपवत नाही. अडुसष्ट म्हणजे केवढे, हे सरांचा कुठलाही विद्यार्थी सांगू शकला असता, आणि मी अशाच गुणांवर वाढलेली. सरांनी पाकिटाचं तोंड चिकटवलं, आडवी सही केली. ग्रॅहमला फॉर्म एकदा नजरेखालून घालायचा होता, पण सरांनी नकार दिला. गुण ही गुप्त गोष्ट. पाकीट पोस्टात टाकलं मी.

दोन महिन्यांनी उत्तर आलं, ते ग्रॅहमकडे. तो ते घेऊन दुपारीच घरी आला, पोस्टाचा गणवेश अंगावर तसाच. सोबत एक कोरा फॉर्म आणला होता. त्याने तो सरांसमोर ठेवला आणि उलटा केला. मागच्या पानावर बारीक अक्षरात गुणांची पट्टी छापलेली होती. नव्वदच्या वर असेल तर बोलवा. ऐंशीच्या वर असेल तर फिल्म बघा. सत्तरच्या खाली असेल तर विचार करू नका. निखिलची डीव्हीडी त्यांनी पाकिटातून बाहेर काढलीच नव्हती.

"यू गेव्ह हिम अ फेल," ग्रॅहम म्हणाला. आवाज चढवला नाही. सर ते पान हातात धरून उभेच राहिले. ते पान त्यांनी उलटलं नव्हतं. मीही नाही. आपण दोघं आयुष्यभर परीक्षा देत आणि घेत आलो, आपल्याला पट्टी कुणी शिकवायची गरज नाही, असंच आमचं दोघांचं ठाम मत असणार.

सरांनी त्याच दिवशी क्लबाला लिहिलं. चूक माझी आहे, खेळाडूची नाही, त्याचे गुण तुमच्या पट्टीवर ब्याण्णव होतात, असं स्वच्छ लिहिलं. मला वाचायला दिलं, पाकीटही चिकटवलं नाही. उत्तर सभ्य होतं. या वर्षीच्या जागा भरल्या आहेत, पुढच्या वर्षी जरूर कळवा. निखिलला हे सगळं सांगायला मी सरांना दोनदा म्हटलं. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी निवड झाली की सांगू. आत्ता सांगून त्याचा माझ्यावरचा विश्वास कशाला घालवू?" ग्रॅहमलाही त्यांनी थांबवलं. निखिलला एवढंच कळलं की मूल्यमापन कमी पडलं म्हणून निवड झाली नाही. मूल्यमापन सरांनी केलंय हे त्याला माहीत होतंच.

पुढच्या नोव्हेंबरात, एका रविवारी, चिखलात त्याचा पाय रुतला आणि दोन माणसं त्याच्या गुडघ्यावर बाजूने पडली. सर आणि मी रेषेजवळ होतो. आवाज आम्हाला ऐकू आला. सर छत्री टाकून आत धावले, त्यांना कुणी अडवलं नाही. ऑपरेशन लीड्सलाच झालं. सर्जनने सांगितलं, वर्षभर नीट व्यायाम केला तर पुन्हा खेळता येईल. पण निखिल स्लाऊला घरी गेला तो परत आलाच नाही. फोन करणंही हळूहळू बंद झालं.

दीड वर्षाने सर मला म्हणाले, "गाडी काढशील? स्लाऊला जायचंय." रस्ताभर ते मांडीवर हात ठेवून बसले होते. निखिल आता वडिलांच्याच गोदामात लागला होता. त्याच्या दुपारच्या सुट्टीत आम्ही बाहेर लोडिंगच्या जागेपाशी भेटलो. वजन आणखी वाढलं होतं, एक पाय ओढत होता. मला पाहून "ताई" म्हणून हसला. सरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पट्टी, मागचं पान, सत्तरचे अडुसष्ट कसे केले तेही. काही लपवलं नाही, स्वतःची बाजू मांडली नाही.

निखिल जमिनीकडे बघत ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तुला वाटत होता मी जाऊ शकेल?"

"पहिल्या वर्षापासून," सर म्हणाले.

"मला वाटला, सरला मी फक्त तेवढाच वाटतो. ते लेटर आला ना, तेव्हा मी म्हटलं, सरने माझा प्रत्येक मॅच बघितला आहे. त्याला माहीत असणार. मग गुडघा गेला, आणि फिजिओ सांगत होती रोज ये. मी सहा वीक गेलो. मग सोडला. म्हटलं, कशासाठी?"

तो अजिबात चिडला नव्हता. चिडला असता तर सरांना बरं वाटलं असतं, मलाही. घंटा झाली तसा तो "सावकाश जा, ताई" म्हणून आत गेला. सर त्या दाराकडे बघत राहिले. परतीच्या वाटेवर त्यांनी दोन वेळा मला गाडी थांबवायला सांगितली आणि दोन्ही वेळा खाली उतरले नाहीत.

त्यानंतर सरांनी पेपर तपासणं सोडलं आणि मुदतीआधी निवृत्ती घेतली. मॅचला गेले नाहीत. पुढच्याच हिवाळ्यात झोपेत गेले. काकूंनी फोन नंबरांची वही काढून दिली, आणि मी एकेकाला फोन केले. निखिलला केला तेव्हा पलीकडे फोर्कलिफ्टचा आवाज येत होता.

"मी नाही येणार, ताई," तो म्हणाला. "मला राग नाही आहे. पण तिथे सगळे लोक आता सर किती चांगला होता ते बोलणार. मला ते ऐकायचा नाही."

स्मशानगृहात मोठी गर्दी झाली. जुने विद्यार्थी लांबून आले होते, ग्रॅहम आला होता. एकेक जण उठून बोलत होता आणि प्रत्येकाने सर किती चांगले होते तेच सांगितलं, आणि ते खरंही होतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आता तू बोल अशा अर्थाने. मी मान खाली घालून जागेवरच बसून राहिले.