होयचं बहुमत

"गुडघ्यावर बस," तो म्हणाला. मी बसलो.

सगळ्या गावासमोर. शाळेच्या पटांगणात आमदाराची सभा होती. भोंगे माझे, मिक्सर माझा, वायरी माझ्या. ऐन वेळी माइकच्या स्टँडचा पेच गेला आणि माइक मान टाकायला लागला. मी चिकटपट्टी आणायला वळलो, तर आमदारानं हटकलं. "काऊन पळून राह्यला बे? तूच धर. खाली बसून धर, फोटोत नको येऊ."

मी त्याच्या पायाशी गुडघे टेकले, दोन्ही हात वर केले आणि माइक त्याच्या तोंडासमोर धरला. तो बोलत राहिला. हात भरून आले. थुंकीचे शिंतोडे मनगटावर पडत होते, पुसायला एक हात काढावा तर माइक हलतो. जरा खाली आला की तो बुटाच्या टोकानं मांडीला ढोसायचा. बोलता बोलता. खाली न बघता.

मध्येच त्याला विनोद सुचला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "हा पाहा आमचा जिता स्टँड. याचा बाप आमच्या घरच्या लग्नात डफडं वाजवे. पोरगं माइकवर आलं. याले म्हन्तात विकास."

पटांगण हसलं. पुढच्या खुर्च्या हसल्या, मागची सतरंजीही हसली. सतरंजीवर आमची वस्ती होती. माझा बाप तिथंच बसला होता, हात जोडून. तोही हसला. त्या हसण्याचा राग मला आमदाराच्या बुटापेक्षा जास्त आला आणि अजून येतो.

मी मांगाचा. आधीच लिहून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज बांधत बसायला नको. आमदाराची जात लिहीत नाही, ती त्याच्या खुर्चीवरून कळते. नावही लिहीत नाही. त्याचं नाव चौकाचौकात फ्लेक्सवर आहे, तेवढं त्याला पुरे. लोक त्याला अहो-जाहो करतात, भाऊ म्हणतात. तोंडावर मीही म्हणत आलो. इथं म्हणणार नाही.

मी हे सगळं का सोसलं? गायरानासाठी.

गायरान म्हणजे गावची चराईची सरकारी जमीन. आमच्या वस्तीनं आज्याच्या काळापासून तिच्यातले दगड वेचले, बाभळी खोदल्या, आणि ती पेरती केली. माझी माय तिथं अडीच एकर वाहते. सोयाबीन, तूर, बांधावर चार भेंड्या. सातबाऱ्यावर नाव सरकारचं. सरकार आम्हाला अतिक्रमणाचा दंड करतं, आम्ही तो मुकाट भरतो आणि त्याची पावती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतो. का, तर जमीन आम्ही वाहतो याचा तेवढाच पुरावा. चोर म्हणून केलेला दंड, आणि आम्ही तोच हक्क म्हणून जपतो. असली उलटी रीत दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेली मला माहीत नाही.

आता तिथं सोलरचा प्रकल्प यायचा होता. तहसीलच्या नोटिसा घरोघर लागल्या होत्या. आणि त्या सभेत, मी गुडघ्यावर असताना, आमदार म्हणाला होता, "डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तुमचं गायरान मी गाजवतो. कोनाची माय व्याली तुमाले हात लावाले."

वस्तीनं टाळ्या वाजवल्या. माझे दोन्ही हात त्याच्या माइकला होते.

घरी आल्यावर मी बापाला म्हणालो, "याच्या सभेले पुन्हा माझे भोंगे लागनार नाहीत." बाप म्हणाला, "जमीन वाचली तं गुडघे काय, लोटांगन घाल." मायनं माझ्या मांडीवरचा बुटाचा काळा डाग पाहिला आणि पँट धुवायला टाकली.

डिसेंबर आला. अधिवेशन सुरू झालं. एक दिवस वस्तीतल्या सगळ्या मोबाइलवर एकच व्हिडिओ फिरायला लागला. आमदार सभागृहात उभा आहे, हातात कागद, बोट वर. खाली मोठ्या अक्षरात, गायरानाच्या प्रश्नावर आमचा वाघ गरजला. आणि वर गाणं. ढोल, ताशे, तुतारी. तो काय बोलतोय ते एक अक्षर ऐकू येत नव्हतं, नुसतं तोंड हलत होतं. वस्तीनं तोच व्हिडिओ स्टेटसला ठेवला. खाली फुलं, हात जोडलेले, नारळ. शब्द न शब्द गाण्यानं गिळलेला, तरी आमचे लोक खूश. वाघ गरजला ना, मग झालं.

किसनकाका म्हणजे आमच्या वस्तीचा म्होरक्या. ग्रामपंचायतीचा सदस्य, अंगात सदरा पांढराधोप. तो घरी आला. "भाऊचा सत्कार करू. शाल, नारळ, फेटा. भोंगे तुयेच. पैसे मांगू नको, समाजाचं काम हाये." जमिनीसाठी मी माझा शब्द मागं घेतला.

आमच्याकडे एक पद्धत आहे. पुढारी संध्याकाळी यायचा असला की सकाळपासून भोंग्यावर त्याचं भाषण लावायचं. त्यानं लोक जमतात आणि पुढाऱ्यालाही येताना रस्त्यावर आपलाच आवाज ऐकून बरं वाटतं. किसनकाकानं सांगितलं, नागपूरचं भाषण लाव. पण त्या व्हिडिओत तर गाणं होतं. भोंग्यावर ते लावलं असतं तर नुसता कल्ला झाला असता. म्हणून मी मूळ भाषण शोधायला बसलो. सभागृहाचं कामकाज मोबाइलवर सगळं असतं, कोणीही बघावं. बघत कोणी नाही, ही वेगळी गोष्ट.

सापडलं. मी मोबाइल मिक्सरला जोडला, कानाला हेडफोन लावला.

"अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघात काही लोकांनी गायरानावर बेकायदेशीर कब्जा केलेला आहे. त्यामुळे विकासाचे प्रकल्प रखडले आहेत. शासन हे अतिक्रमण किती दिवसांत हटवणार?"

काही लोक. माझी माय, काही लोक.

मी पुढचं बघत राहिलो. बाकीचे दिवस तो कुठं दिसलाच नाही. मागचं पूर्ण अधिवेशन मी काढून पाहिलं, त्याच्या जागेवर बाक रिकामा. वर्षभरात याच्या तोंडून निघालेला प्रश्न एकच, आणि तो आमच्या मुळावर. मग शेवटी एक विधेयक आलं. सरकारी जमिनीवरची वहिवाट सुनावणीशिवाय मोडायचा अधिकार अधिकाऱ्यांना देणारं. त्या दिवशी मात्र साहेब हजर. चर्चा झाली न झाली. अध्यक्ष म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. सभागृह ओरडलं, होय. होयचे बहुमत, विधेयक मंजूर. असं आवाजी मतदान झालं की कोण काय म्हणालं ते कुठंच लिहिलं जात नाही. उद्या हा म्हणायला मोकळा की मी गप्प होतो. पण कॅमेरा नेमका त्याच्या बाकावर होता. याचा हात वर, तोंड उघडं. होय.

माझी सगळी जिंदगी आवाजात गेली. गर्दीतला एक आवाज मला वेगळा काढता येतो. हा आवाज तर मी हातात धरला होता.

मायला शेतात जाऊन ऐकवलं. ती तूर कापत होती. विळा खाली ठेवून तिनं मोबाइल कानाला लावला. एकदा ऐकलं. मग म्हणाली, "अजून लाव." दुसऱ्यांदा ऐकलं आणि विचारलं, "किती दिवसांत हटवनार, असं म्हन्ते का तो?" मी हाव म्हणालो. ती परत तूर कापायला लागली. तिचा विळा त्या दिवशी फार जोरात चालत होता.

बाप म्हणाला, "राहू दे. मोठा मानूस हाये. सत्कार होऊन जाऊ दे, मंग हळूच विचारू."

हळूच. आमच्या बापजाद्यांचं सगळं हळूच गेलं. हळूच बसायचं, हळूच उठायचं, हळूच मागायचं. मी भोंगेवाला आहे. मला हळूच येत नाही.

सत्काराच्या दिवशी सकाळी मी भाषण लावलं नाही. किसनकाकाला म्हणालो, भाऊ आले की लावतो, मजा येईल. तो खूश झाला. संध्याकाळी आमदार आला. फेटा झाला, शाल झाली. पुढच्या खुर्च्यांवर सोलरवाल्यांचे दोन साहेब होते, त्यांनाही त्यानंच आणलं होतं. या वेळी स्टँड धड होता. तो माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मायबाप हो, तुमच्या गायरानासाठी मी सभागृह डोक्यावर घेतलं. इचारा कोनालेबी."

मी विचारलं नाही. मी त्याच्या माइकचा खटका खाली ओढला आणि मोबाइलचा वर केला.

चारही भोंग्यांतून तोच बोलायला लागला. अध्यक्ष महोदय. काही लोकांनी. बेकायदेशीर कब्जा. किती दिवसांत हटवणार. स्टेजवर तो तोंड हलवत होता आणि त्याचा आवाज माझ्या हातात होता. मग अध्यक्षांचा आवाज, मग ते होय. ते होय मी तीनदा लावलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

फेटा बांधणारा म्हातारा तसाच उभा. एका कार्यकर्त्यानं माझी कॉलर धरली, दुसऱ्यानं वायर उपटली. आमदारानं शांतपणे खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि नुसत्या आवाजात ओरडला, "हे खोटं हाये. मोबाइलवर बनवलेलं हाये. एआय हाये एआय. इरोधकायचा डाव हाये."

लोकांत चुळबूळ झाली. काहींना तेच खरं वाटायला लागलं. किसनकाका तर मान डोलवायला लागला. तेवढ्यात माझी माय उठली. पदर खोचला, सतरंजीवरून सरळ स्टेजच्या पायरीशी गेली.

"भाऊ, थे खोटं असन तं असू द्या," ती म्हणाली. "मंग खरं आता बोला. म्हना का गायरान या वस्तीच्याच नावानं झालं पाह्यजे. येवढंच म्हना. आमी सारे मोबाइल लावतो."

आणि वस्तीनं मोबाइल वर केले. स्टेटसला वाघ ठेवलेले तेच मोबाइल.

त्यानं मायकडे पाहिलं. मग सोलरच्या साहेबांकडे पाहिलं. त्यातला एक घड्याळ बघत होता. एक वाक्य होतं फक्त. रोज शंभर थापा मारणारा माणूस, त्याला त्या दिवशी एक थाप मारता आली नाही, कारण ती मारताना तिसरा ऐकत होता.

"सभागृहातल्या गोष्टी अशा रस्त्यावर बोलता येत नसतात, बाई," तो म्हणाला. खाली उतरला. शाल खुर्चीवरच राहिली. त्याला वाट करून द्यायला कोणी उठलं नाही, त्याला लोकांच्या पायांतून वाट काढावी लागली. माझा बाप वाटेत बसला होता. त्यानंही पाय आखडले नाहीत. त्या दिवशी मी बापावरचा अर्धा राग सोडला.

पुढचं सरळ आहे. दुसऱ्या दिवशी उपटलेली वायर खामगावला दुरुस्त करून भोंगे आणि मिक्सर परत आणत होतो, तर फाट्यावर चौघांनी गाडी अडवली आणि सगळं फोडलं. मिक्सरवर दगड घातला. ठाण्यात माझ्यावरच तक्रार, लोकप्रतिनिधीची बदनामी आणि सभेत गोंधळ. मोठ्या घरांनी लग्नाच्या ठरलेल्या ऑर्डरी परत घेतल्या. किसनकाका माझ्याशी बोलत नाही. जमिनीच्या नोटिसा तशाच आहेत. त्या विधेयकाचा कायदा झाला, पोकलेन कधीही येईल. कोणाला वाटत असेल की सत्य बाहेर आलं आणि सगळं ठीक झालं, तर तसं काही झालेलं नाही.

पण आम्ही मूग पेरला आहे. सगळ्या वस्तीनं, बांधाला बांध लावून.

आणि मी आता त्याचं एकही अधिवेशन सोडत नाही. तो कधी आला, कधी गेला, कशाला होय म्हणाला, कशाला तोंड उघडलं नाही, सगळं बघतो. उधारीवर एक भोंगा घेतलाय, बॅटरीवर चालणारा. मतदारसंघातल्या ज्या गावचा बाजार असेल तिथं जातो, भाजीवाल्या बायांच्या बाजूला उभा राहतो आणि त्याचंच भाषण लावतो. माझ्या पदरचा एक शब्द घालत नाही. दोन गावांच्या गायरानवाल्यांनी मला निरोप पाठवून बोलावलं. एका गावात मार खाल्ला. पुन्हा त्याच गावात गेलो. मला या माणसाचं पडलेलं तोंड बघायचं आहे, हे मी लपवत नाही. माफ करणारे मोठे असतील. मला मोठं व्हायचं नाही.

परवा त्याचा माणूस घरी आला होता. चहा पिऊन म्हणाला, "एक माफीचा व्हिडिओ करून टाक. केस मांगं घेतो. नवा मिक्सर देतो. भाऊचं मन मोठं हाये."

बाप दारात उभा होता. माय चुलीपाशी. दोघंही माझ्याकडे बघत होते, आणि या वेळी कोणी मला राहू दे म्हणालं नाही.

मी त्या माणसाला दारापर्यंत सोडायला गेलो आणि सांगितलं, "भाऊले सांगजा, पुढच्या अधिवेशनातबी बोला. मी ऐकून राह्यलो."