पित्ताची पिशवी आणि तीन देशांचे सल्ले

पित्ताची पिशवी काढली तेव्हाची मी आठवले की आजही हसू येतं. साठी उलटलेली बाई, पण अक्कल परकरातल्या पोरीची.

ऑपरेशन अड्यारच्या इस्पितळात, दुर्बिणीतून झालं. निघालेले खडे डॉक्टरांनी बाटलीत घालून यांच्या हातात दिले. यांनी ते आहेर दाखवावा तसे शेजारच्या खाटेपर्यंत दाखवून आणले. इथवर छान. मग पोटाला लावलेल्या नळीतून हिरवंपिवळं पित्त येऊ लागलं, ते थांबेचना.

डॉक्टर म्हणाले, "अम्मा, आत गळतंय. उद्या सकाळी तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या वाटेत बारीक नळी बसवू. पहाटेपासून पाण्याचा थेंबही नको."

लेक इंग्लंडात नर्स. ती फोनवर कडाडली, "आई, घाई कसली? आमच्या वॉर्डातून अशा बायकांना नळीसकट घरी पाठवतात. आपोआप सुकतं. ती दुसरी नळी मुळीच घालू देऊ नकोस!"

मुलगा जपानात. तो म्हणे, "इकडे माझ्या साहेबांना याच ऑपरेशननंतर इस्पितळातून कितीतरी दिवस सोडलं नव्हतं. तू घरी जायचं नावसुद्धा काढू नकोस."

मी काय केलं? डॉक्टरांच्या कागदावर सही केली. लेकीला म्हटलं, "नाही गं घालू देत." मुलाला म्हटलं, "इथेच राहते रे." कुणाचं मन मोडायला नको!

सकाळी हे फिल्टर कॉफी घेऊन हजर. "लेक म्हणाली, आज काही करायचं नाही. खरं ना?"

"नसावं बहुतेक," म्हणत मी टंबलर रिकामा केला. तेवढ्यात स्ट्रेचर आलं. मागोमाग डॉक्टर. माझ्या ओठावरचा फेस पाहून ते मटकन खुर्चीत बसले. "अय्यो अम्मा! कॉफी? तीही दुधाची?"

त्या दिवशीचं रद्द झालं. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप चढला, आणि माझं परराष्ट्र धोरण तिथेच संपलं. "घाला हो, काय घालायचं ते घाला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नळी बसली. ताप उतरला, गळतीही हळूहळू थांबली.

लेक म्हणाली, "थोडी थांबली असतीस तर आपोआप सुकलं असतं." डॉक्टर म्हणाले, "आदल्या दिवशी झालं असतं तर ताप आला नसता." मुलगा म्हणाला, "घरी गेली नाहीस म्हणून निभावलं."

खरं कुणाचं, मला आजही कळलेलं नाही. मी पुन्हा तिघांनाही हो म्हटलं.

हे मात्र शहाणे झाले. अजून कॉफी पुढे करताना आधी विचारतात, "कुठे सही-बिही केलेली नाहीस ना?"