बैलांना वाट

नागभीडचा हरिदास रामटेके सव्वीस वर्षांपासून ट्रक चालवतो. हल्ली त्याच्याकडे चौदा चाकी गाडी आहे. निलगिरीची लाकडं भरायची आणि बल्लारपूरला कागद कारखान्यात उतरवायची. त्याच्या गाडीखाली आजवर कोंबडीसुद्धा आली नाही, असं बाकीचे ड्रायव्हर सांगतात. तो स्वतः काही सांगत नाही. समोरचा रस्ता मोकळा असला की मागच्याला हात दाखवून पुढे जाऊ देतो. वळणावर मात्र कोणी कितीही हॉर्न वाजवो, त्याचा हात बाहेर येत नाही.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. गोंडपिपरीच्या अलीकडे अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यातून भाऱ्यांनी लादलेली बैलबंडी येत होती. हरिदासने धानाच्या अलीकडेच, डाव्या कडेला गाडी थांबवून इंजिन बंद केलं.

मागच्या कारचा मालक तरातरा केबिनखाली आला. "काऊन थांबला? काढ ना धानावरून. काय होते?"

"तांदळाची कणी होते, भाऊ," हरिदास म्हणाला. "आन् बैल नवे दिसून राह्यले. ब्रेकची हवा फुसकन सुटली का भडकतीन."

हे काही लायसन काढताना शिकवत नाहीत. त्याचे वडील सोमाजी दुसऱ्यांच्या बंड्या हाकत. त्यांच्याशेजारी बसून लहानपणीच तो बैलाचे कान बघून त्याच्या मनातलं ओळखू लागला होता.

ट्रक वीस पावलांवर राहिला आणि एक बैल अडला. बंडी हाकणाऱ्या म्हाताऱ्या पोचूने टोकाला खिळा लावलेली तुतारीची काठी उगारली.

"मारू नका, बाबाजी." हरिदास उतरला, चाकाला दगड लावला आणि सावकाश चालत गेला. बैलाच्या मानेवर हात ठेवून त्याच्याशी बोलत राहिला. मग ट्रक आणि बैल यांच्या मधोमध चालत त्याने बंडी ट्रकच्या शेवटच्या चाकापलीकडे नेली.

"ट्रकवाले हॉर्न मारते," पोचू म्हणाला. "खाली कोन उतरते?"

मागे कारवाल्याने कोणी न सांगता गाडी रस्त्याखाली घेतली होती. तिचंही इंजिन बंद होतं. "पाच मिनटं गेले तुमचे," हरिदास त्याला म्हणाला.

ट्रकला वाट व्हावी म्हणून धानवाली बायनाबाई कडेचं धान आत ओढू लागली होती. तिचं होईस्तोवर हरिदास स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

बल्लारपूरला लाकडं उतरवायच्या रांगेतला त्याचा नंबर गेला होता. त्याने चपला काढल्या आणि केबिनमध्येच आडवा झाला.