अप्पांचं पायी केदारनाथ

शपथेवर सांगतो, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. म्हणजे, बहुतेक. निलंग्याच्या बाजारातले आम्ही नऊ जण केदारनाथला जाऊन आलो. येताना गंगाजळाच्या बाटल्या फुटल्या, पण किस्से मात्र एकूणएक शाबूत पोचले.

पहिला बिराजदार सरांचा. बॅग जड नको म्हणून सर भर मे महिन्यात लातूर स्टेशनवरच दोन स्वेटर, जाकीट आणि माकडटोपी चढवून आले. गाडी यायच्या आत चक्कर येऊन पडले. हिमालयाला निघालेल्या माणसाला उन्हाची सलाईन लागली!

पण खरा मान किराणावाल्या शिवलिंगअप्पांचा. निघायच्या आदल्या दिवशी चौकात बॅनर लागला. त्यावर अप्पा बैलगाडीएवढे, केदारनाथ बिस्किटाएवढा. माइकवर जाहीर केलं, "घोड्यावर बसलो तर नावाचा अप्पा न्हाई." कारणही तसंच होतं. पायी केदार करून आले, की मठाच्या कमिटीचं अध्यक्षपद त्यांना द्यायचं ठरलं होतं.

गौरीकुंडातून अप्पा चालत निघाले ते पहिल्या चहाच्या टपरीपर्यंत. तिथं घोडा ठरवला. मी माइकची आठवण दिली, तर रिकिबीत पाय घालत म्हणाले, "चढायचं पायीच. माझे दोन का ह्याचे चार, देवाला काय पडलंय?"

घोड्यामागं मी चालत होतो. पार मागं काठी टेकत अप्पांच्या मंडळी, महानंदाकाकू.

वर पोचल्यावर अप्पांनी सगळ्यांना मंदिराच्या पायरीवर हात ठेवायला लावून शपथ घातली, गावात घोड्याचं नाव काढायचं नाही. काकू तेवढ्या सुटल्या. त्या अजून चढत होत्या.

परत आल्यावर मावंदं. यात्रेहून आलेल्यानं गावजेवण घालायचं आणि लोकांनी त्याचे पाय धुवायचे, अशी आमच्याकडची रीत. मठाची अख्खी कमिटी जेवायला हजर. अप्पा सकाळपासून उभेच. म्हणे, पाहुणे जेवल्याबिगर यजमानानं टेकायचं नसतंय. मीही त्यांच्यासोबत उभ्यानंच वाढत होतो.

अप्पांच्या आत्याबाईंनी ते उभे असतानाच त्यांचे पाय परातीत घेतले, धुतले, एकेक उचलून बघितले.

"अप्पा, येवढा डोंगर चढलास, अन्‌ पायाला एक फोड न्हाई?"

कमिटी वाकून बघायला लागली. काकू बुंदी वाढत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "पायाला कशाला येतील, आत्याबाई? जरा बसायला सांगा की त्येन्ला."

कमिटीनं पाट पुढं सरकवला.

आता कबुली. यातलं एकच मी बनवलंय. घोड्यामागं मी चालत होतो, ते.