बघणार कोण?

प्रोजेक्टर बसवायला आले की तात्या खोकं उघडायच्या आधी पिशवीतून ओळंबा काढत. गवंडीकाम सोडून कापूरहोळच्या नाक्यावर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तरी दोरीला लटकणारा तो पितळी गोळा काही त्यांच्याकडून सुटला नाही. सगळे त्यांना ओळंबेतात्या म्हणत. मीही म्हणायचो, आणि वर हसायचो.

रिमोटवरच्या, चित्र सरळ करायच्या बटणावर त्यांचा भारी राग. यंत्र तिरकं बसलं की भिंतीवरचं चित्र एकीकडे रुंद, दुसरीकडे अरुंद होतं. "झालं बगा सूप!" तात्या म्हणत. "बटनानं सूप चौकोनी हुतंय, पर आतली मानसं चेंगरत्यात. आपून मशीन हलवावं." मग स्टुलाखाली पुठ्ठा सरकव, बोटभर मागे घे, असा तासभर घोळ चाले.

आमच्या वेल्ह्याच्या घरी ते आले ते आईसाठी. अर्धांगवायूनंतर ती खाटेवरच असायची आणि मान फक्त डावीकडे वळायची. मामेभाऊ तिच्या माहेरच्या वाडीतले व्हिडिओ पाठवायचा, पण मोबाईलवर तिला काही दिसत नसे. मी तात्यांना समोरची ऐसपैस भिंत दाखवली.

"मास्तर, बगनार कोन?"

"आई."

तात्या खाली बसले, तिच्या उशीशी डोकं नेलं, मान डावीकडे वळवली. मग डावीकडच्या भिंतीवर, अगदी खाली, पेन्सिलीनं चार कोपरे आखले. भरदुपारी खिडकीवर घोंगडी टांगली आणि चित्र बरोबर त्या खुणांत बसवलं. डोंगरउतारावरून मेंढरं खाली येत होती.

"आगं बाई, आमची वाडी!" आई म्हणाली. किती तरी महिन्यांनी ती हसली होती.

पुढे क्रिकेटचे सामने आले. शेजारीपाजारी जमायचे, म्हणून मीच यंत्र समोरच्या भिंतीकडे वळवलं. दोन दिवसांसाठी म्हणून वळवलं आणि ते तसंच राहिलं. आईने तक्रार केली नाही. मीही विचारलं नाही.

एकदा बाजारातून परतताना तात्या डोकावले. घरात सामना रंगला होता. ते आईजवळ बसले.

"वैनी, दिसतंय का?"

"ऐकू येतंय की."

तात्यांनी पिशवीत हात घातला. सगळ्यांदेखत मी म्हणालो, "तात्या, आता हात लावू नका. लोक बघतायत."

"बरं. तुमचं घर हाय." चहा न घेताच ते एसटीला गेले. पुन्हा आले नाहीत. त्यांना बोलावायला मला तोंड नव्हतं, आणि यंत्र वळवायला तर त्यांची गरजही नव्हती. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही.

आई गेली. तेरावा झाल्यावर मी तिच्या खाटेवर आडवा झालो, मान डावीकडे केली. समोर कोरी भिंत होती आणि पेन्सिलीच्या चार खुणा. उठून यंत्र वळवलं, बटणं दाबत बसलो. चित्र काही केल्या खुणांत बसेना. शेवटी फोन लावला.

"तात्या, सूप झालंय. येता का?"

आईचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. मीही नाही.

"येतो की," ते म्हणाले, आणि सवयीनं विचारलं, "बगनार कोन?"