दिवाणखान्यातून गोव्याला, विमानाने

गोव्याला जायचं निघालं तेव्हा मी स्पष्ट नकार दिला होता. कारण साधं होतं. आम्ही वाशीच्या घरातून बाहेर पडणारच नव्हतो. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून त्याचा कॉम्प्युटर नुसता धूळ खात होता. त्यावर विमान उडवायचा खेळ टाकायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने गोवा गाठायचा, अशी ही सहल. मी शाळेत पंचवीस वर्षं भूगोल शिकवला आहे. बसल्या जागी प्रवास होत नाही, एवढं मला कळत होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या उन्हाळ्यात माझ्या यजमानांना, मधुकररावांना, अर्धांगाचा सौम्य झटका आला होता. पाय सावरले, बोलणं सावरलं, डावा हात मागे राहिला. हात गेलेला नाही, पण वापरला नाहीत तर जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. मधुकरराव तो मांडीवर ठेवून बसत, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा. लोक बघतात म्हणून जिना उतरणं बंद. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनाही त्यांनी नको म्हणून कळवलं. मग त्यांची सगळी कामं मी करू लागले. माझा हात भरभर चालतो. त्यांनी हलायच्या आत माझं काम झालेलं असे.

गोव्याची कल्पना रमाकांत म्हात्र्यांची. न्हावा शेव्याला मालाची कस्टममधून सुटका करून देणाऱ्या एका ऑफिसात ते आणि मधुकरराव वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलांवर बसले. म्हात्रे करावे गावचे. नवी मुंबईत विमानाच्या खेळाचं वेड असलेले पाच-सहा जण होते, त्यांत ते सर्वांत जुने. हे लोक लढाया करत नसत. देखावे बघत उडायचं, चांगली वाट सापडली की फ्लॉपीवर घालून एकमेकांना द्यायची, आणि रविवारी जोडीने एकाच आकाशात उडायचं.

म्हात्रे घरी आले तेच फ्लॉपीची चळत आणि विमानाचा दांडा, म्हणजे जॉयस्टिक, पिशवीत घालून. मधुकरराव मानेनेच नाही म्हणत होते. म्हात्र्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

"भाऊ, घरान बसून काय करनार? चला, गोव्याला जाव. वहिनी, तुमीपन. नकाशा वाचाला मानूस पायजे."

मी म्हटलं, नकाशा वाचायला मी येते, पण खेळातल्या देखाव्यात चुका असतील तर दाखवीन.

"दाखवा ना. चुका लय हायेत," म्हात्रे आनंदाने म्हणाले.

असा प्रवास करू इच्छिणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगते. आजच्यासारखं इंटरनेट त्यासाठी लागत नसे. एका घरच्या मोडेमने दुसऱ्या घरी फोन लावायचा, आवाजाची किंकाळी थांबली की दोघांची विमानं एकमेकांना दिसू लागत. सगळा वेळ फोन अडकलेला, त्यामुळे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावं. वाशीहून करावे म्हणजे लोकल कॉल, तरीही बिल डोळ्यांत भरतं. खायला मी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. ती चूक होती. तेलकट बोटं कीबोर्डला चालत नाहीत. चणे-शेंगदाणे बरे.

गटाचे नियम कडक होते आणि ते मला आवडले. खेळात वेळ पळवता येतो, तो पळवायचा नाही. गोव्याला खरोखर दोन तास लागत असतील तर दोन तास बसायचं. मध्ये थांबवायचं नाही. नकाशावाल्याने फक्त बोलायचं, यंत्राला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम म्हणे नवरा-बायकोच्या जोड्यांमुळे करावा लागला.

रविवारी सकाळी जुहूच्या धावपट्टीवरून निघालो. पुढे म्हात्र्यांचं पांढरं विमान, मागे आमचं. मधुकररावांनी उजव्या हाताने दांडा धरला होता. इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची बटणं कीबोर्डच्या वरच्या ओळीत, डाव्या टोकाला. ती दाबायची वेळ आली की ते दांडा सोडत, उजवा हात पलीकडे नेत आणि घाईने परत आणत. तेवढ्यात विमान झोकांडी खाई. डावा हात मांडीवरच.

मुंबई म्हणजे करड्या चौकोनांची रांग. नवी मुंबई म्हणजे नुसतं हिरवं सपाट, त्यावर अवघं एक बांधकाम, विमानतळाचा उंच मनोरा. इथे विमानतळ कुठून आला, असं मी विचारायला लावलं. मधुकररावांनी उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप केलं. पडद्याच्या कडेला रोमन अक्षरांत म्हात्र्यांचं उत्तर उमटलं: तो आमचा घर हाय, वहिनी.

अलिबागनंतर समुद्र मोकळा झाला. किनारा बोथट कात्रीने कापल्यासारखा होता. डोंगर जागेवर होते पण निम्म्या उंचीचे. मुरुडसमोर पाण्यात एक गोल स्टेडियम तरंगत होतं. खेळातल्या कुठल्याशा परदेशी शहरातून उचलून म्हात्र्यांनी ते जंजिऱ्याच्या जागी बसवलं होतं. मी हरकत घेतली. चारी बाजूंनी तटबंदी हाय ना, मग जंजिराच, असं उत्तर आलं. मधुकरराव हसले. घरात तो आवाज बऱ्याच दिवसांनी ऐकला, म्हणून मी स्टेडियमबद्दल पुढे बोलले नाही.

हर्णै, जयगड, विजयदुर्ग. नकाशा मांडीवर घेऊन मी नावं सांगत होते आणि ते मान न वळवता ऐकत होते. कितीतरी खाड्या गायब होत्या, तरी मोजत गेलं की किनारा ओळखीचा होई. उरलेल्या जागा मी बोलून भरल्या. इथे सुरूचं बन असतं. इथे वाळूत होड्या ओढून ठेवतात. वर्गात मुलींना झोप येत असे. इथे माझा विद्यार्थी पुढची खाडी कधी येते म्हणून विचारत होता.

वेंगुर्ला मागे पडलं आणि म्हात्र्यांचं विमान दिसेनासं झालं. फुटलं नाही, पडलं नाही. होतं, आणि नव्हतं. कडेला एक ओळ आली, संपर्क तुटला.

ठरलं होतं असं की म्हात्र्यांनी पुढे राहून धावपट्टी दाखवायची आणि आम्ही त्यांच्या मागोमाग उतरायचं. मधुकररावांनी दांड्यावरचा हात काढला.

"राहू दे. बंद कर."

म्हात्रे परत फोन लावतील म्हणून मी थोडं थांबले. फोन वाजला नाही. विमान आपलं चाललंच होतं, एका बाजूला किंचित कलत. मी म्हटलं, सगळं कोकण ओलांडून आलो ते मध्येच उतरायला नाही. पहिली मोठी खाडी मांडवी, दुसरी झुआरी. दुसरीच्या दक्षिणेला पठार, पठारावर धावपट्टी. आता समुद्रावर जा आणि वळून पूर्वेकडे तोंड करा.

त्यांनी दांडा धरला. पडद्यावर दोन्ही खाड्या मिळून एकच निळं भगदाड होतं, पण त्याच्या खालच्या अंगाला पठार होतं. त्यावर एक करडी रेघ. वळून आलो तर रेघ समोर आणि आम्ही फार वेगात. जोर कमी करायला हवा होता, आणि इतकं खाली आल्यावर दांडा सोडून चालणार नव्हतं. सोडला की झोकांडी, आणि झोकांडीला आता जागा नव्हती.

माझा हात पुढे गेला. सवयच झाली होती.

"हात लावू नकोस. तू नकाशा बघ."

नकाशात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मी बघितलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं. डावा हात मांडीवरून उठला, टेबलाच्या कडेला अडला, मनगट आत ओढून पुन्हा उठला. हव्या त्या बटणापासून दोनच घरं डावीकडे उड्डाण संपवायचं बटण होतं. हात तिथे पडला असता तर पुन्हा जुहू. बोटं सुटी होत नव्हती. त्यांनी चारही मिटली आणि मधल्या बोटाचं पेर बटणावर टेकवलं. इंजिनाचा आवाज उतरला. पुन्हा टेकवलं. आणखी उतरला. 

विमान एकदा उसळलं, दुसऱ्यांदा टेकलं, धावपट्टीवरून घसरून गवतात जाऊन उभं राहिलं. मधुकररावांनी दांडा सोडला. कपाळ घामाने भिजलं होतं. ते पुसायला मी पदर हातात घेतला आणि तसाच सोडून दिला.

थोड्या वेळाने फोन वाजला. म्हात्र्यांची बायको, बेबीताई. बहिणीला फोन करायला तिने आतल्या खोलीतला, त्याच लाइनवरचा जोडफोन उचलला होता, आणि मोडेमचा खरखराट ऐकून फोन बिघडला समजून आपटला होता. मग बहिणीशी निवांत बोलत बसली.

"मना काय ठाव, त्यान इमान हाय म्हनून? भावजींचा पडला का?"

"उतरलं," मी म्हटलं. "गवतात, पण उतरलं."

मागून म्हात्र्यांचा आवाज येत होता. त्यांचं स्वतःचं विमान समुद्रात बुडालं होतं, कारण बायकोशी भांडायला ते खुर्चीवरून उठले होते. त्यांनी फोन घेऊन सांगितलं, भाऊंना पुढल्या रविवारी माझ्याकडे पाठवा, मला उतरायला शिकवू देत. जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की घरातल्या जोडफोनची वायर आधी काढून ठेवायची असते.

परतीचा प्रवास फारच थोडा होता. कॉम्प्युटर बंद केला आणि आम्ही वाशीत होतो.

गोवा मी पाहिला असं कुणाला सांगत नाही. खाड्या चुकीच्या, डोंगर ठेंगणे, जंजिरा तर विचारूच नका. पण मला एक गोष्ट शिकावी लागली. बघत बसायचं आणि हात मागे ठेवायचा. माझ्या स्वभावाला ती गोव्याहून लांब होती.

पुढल्या रविवारी मधुकररावांनी चपला घातल्या. मी पर्स उचलली, तर ते म्हणाले, तू नको येऊस, बसने जाईन. जिन्यावरून त्यांची पावलं संपेपर्यंत मी दारात होते. दिवसभर मी कपाटं आवरली, जी आवरलेलीच होती.

संध्याकाळी ते आले. म्हात्रे अजून समुद्रातच उतरतात, असं म्हणाले. बसला गर्दी होती, उभं राहून यावं लागलं. उजव्या हाताने वरचा बार धरला असणार. डाव्या मुठीत बसच्या तिकिटाचा चोळामोळा होता. घरी पोचेपर्यंत त्यांनी तो सोडला नव्हता. टेबलाशी उभं राहून एकेक बोट उघडत त्यांनी तो खाली टाकला. वेळ लागला. मी पाणी आणायला आत गेले, आणि मुद्दाम सावकाश आणलं.