चुकीची प्रत

मी कवयित्री आहे असं आमच्या घरात कुणी म्हणत नसे. ‘तिचे कार्यक्रम असतात’ म्हणत, म्हणजे ‘तिला पित्ताचा त्रास आहे’ म्हणावं त्या सुरात. हडपसरच्या कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचे आणि शनिवारी संध्याकाळी माईकसमोर हातवारे करत कविता म्हणायचे. पाठांतर शून्य. कागद हातात नसेल तर मला माझीच ओळ आठवत नाही. त्याला मी शैली म्हणते.

बाबा कधी ऐकायला आले नव्हते. पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले तरी रोज सकाळी पेपर उघडून खडकवासल्यात किती पाणी आहे ते घरभर जाहीर करायचे. त्यावर मी कविता केली. ‘बाबांना धरणाची पातळी ठाऊक असते, माझी ते विचारत नाहीत’ अशी तिच्यात एक ओळ होती. आणि एक दिवस तेच म्हणाले, “शनिवारी आम्ही दोघं येतो. बघू तरी, लोक बसतात कसे ते.”

मी घाबरले. बाबा दुखावले की भांडत नाहीत, बोलणं कमी करतात. आणि आमच्यात आणखी कमी करण्याइतकं बोलणं उरलेलं नव्हतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती ओळ काढली, तिथे धरणावरच्या ढगांचं काहीतरी घातलं आणि ऑफिसच्या प्रिंटरवर कविता छापून घेतली. फाइलींची नावं होती ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल नवीन खरी’. चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या बाईने त्यातली कोणती छापली, ते सांगायला नकोच.

कळलं ते माईकसमोर. ओळ पुढे दिसत होती, गाळता आली असती. पण पेपर उघडणाऱ्या बाबांवर नुकताच मोठा हशा पिकला होता, आणि हशा मिळाल्यावर मी थांबणारी नव्हे. म्हटली. तिसऱ्या रांगेत आई पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. बाबा समोर बघत होते.

स्वारगेटला बसची वाट बघताना मी म्हणाले, “बाबा, ती ओळ मी काढली होती. चुकीची प्रत आली हातात.”

“बरोबर प्रत कुठंय?”

“ऑफिसात.”

“सोमवारी आण.”

“अहो, जाऊ द्या ना आता,” आई म्हणाली.

“मी काय केलं? वाचायला मागितली.”

रविवारी पेपर आला, उघडला गेला, पण धरणाबद्दल घरात कुणाला काही कळलं नाही.

सोमवारी त्यांनी चष्मा लावून, उभ्याउभ्याच, ती प्रत वाचली. “हे ढगांचं कुणी लिहिलं?”

“मीच.”

“वाटत नाही.” कागदाची नीट घडी घालून त्यांनी तो रद्दीवर ठेवला. “शनिवारी म्हटलीस तीच म्हणत जा. खरं आहे ते.”

मी वेंधळ्यासारखी म्हणाले, “मग पुढच्या वेळी याल?”

“नाही. एकदा सांगितलं की कळतं मला.”

पुढे मी नोकरी सोडली, गावोगाव कार्यक्रम केले. ती कविता प्रत्येक ठिकाणी म्हटली. त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्याशिवाय.